अल्बर्टाने कॅनडातून बाहेर पडावं का? माझं मत: पडावं

कर्वेरोडकर (धागाकर्ता)

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने वेगळा देश व्हावं की नाही, हा वाद पुन्हा पेटला आहे. आपल्या पेपरांत बातमी येते ती कॅनडा हे अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' व्हावं या ट्रम्पच्या बोलण्याची शेपूट म्हणून. मूळ भांडण त्याहून बरंच जुनं आहे. ते आधी सांगतो, मग माझं मत देतो, मग तुटून पडा.

अल्बर्टा म्हणजे तेल. वस्ती ५० लाखांच्या आसपास. १९८० साली पिअर ट्रूडोंच्या केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला. तेलाचा देशांतर्गत भाव जागतिक भावाच्या खाली दाबला आणि महसुलातला स्वतःचा वाटा वाढवून घेतला. तो राग पश्चिमेत अजून विझलेला नाही. पुढे पाइपलाइनींची रडकथा. प्रशांत किनाऱ्याकडे जाणारी नॉर्दर्न गेटवे २०१६ मध्ये केंद्राने फेटाळली, पूर्वेकडे जाणारी एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये कंपनीने गुंडाळली. शिवाय समानीकरण निधी आहेच. केंद्र गरीब प्रांतांना त्यातून पैसे देतं आणि अल्बर्टाला साठच्या दशकानंतर त्यातला छदामही मिळालेला नाही. २०२१ मध्ये प्रांताने सार्वमत घेतलं, ६१.७ टक्के लोक म्हणाले हे तत्त्व घटनेतून काढा. ओटावाने, म्हणजे केंद्राने, ढुंकून पाहिलं नाही.

एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत अल्बर्टाने ३७ पैकी ३४ खासदार काँझर्व्हेटिव्ह दिले, सरकार आलं मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाचं. दुसऱ्याच दिवशी प्रांताच्या प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनियल स्मिथ यांच्या सरकारने सार्वमताच्या अर्जाला लागणाऱ्या सह्यांची अट सैल करणारं विधेयक मांडलं. आता साधारण पावणेदोन लाख सह्या पुरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. मत देऊन बघितलं, सार्वमत घेऊन बघितलं, कोर्टात जाऊन बघितलं. एवढं करून ज्याचं कोणी ऐकत नाही त्याने बाहेर पडावं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. गोळी चालली नाही, आज चारही देश सुखात आहेत. देशाची सीमा ही काही देवाने आखलेली रेघ नव्हे.

तिरकस_पेठ

काका, आमच्याकडे फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. मिळकतकर शहराचा लागला आणि नळाला पाणी गावचंच राहिलं, म्हणून लोक चिडले. चिडायलाच हवं होतं. शेवटी २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद झाली. आता सांगा, कचरा डेपो उठून कुठे गेला का? वास महापालिकेची हद्द बघून थांबतो का? अल्बर्टा उद्या स्वतंत्र झाला तरी तेल प्रशांत किनाऱ्यापर्यंत न्यायला शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातूनच जावं लागणार. आज निदान दोघांच्या डोक्यावर एक केंद्र आहे. उद्या ते शेजारी परदेश असेल.

बो_नदीकाठ

कर्वेनगरात वाढलो, आता कॅल्गरीत राहतो. दोन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली, समानीकरणाचा चेक अल्बर्टाचं सरकार फाडत नाही. तो पैसा केंद्राच्या सामान्य करांतून जातो. टोरंटोतल्या आणि कॅल्गरीतल्या सारख्या पगाराच्या माणसाला केंद्राचा आयकर सारखाच बसतो. अल्बर्टात पगार जास्त म्हणून एकूण कर जास्त, इतकंच. गंमत म्हणजे सध्याचं सूत्र बसवलं स्टीफन हार्पर यांच्या सरकारने. ते कॅल्गरीतूनच निवडून यायचे आणि २००६ ते २०१५ पंतप्रधान होते. तेव्हा "पूर्वेकडच्यांनी लुटलं" हे पूर्ण खरं नाही.

दुसरी, पाइपलाइनची रडकथा तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. ट्रान्स माउंटन ही लाइन खासगी कंपनी सोडून चालली होती, ती २०१८ मध्ये केंद्र सरकारने साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली. विस्ताराचा खर्च फुगत फुगत ३४ अब्जांच्या घरात गेला, आणि मे २०२४ मध्ये ती सुरू झाली. रोजची क्षमता तीन लाख पिंपांवरून आठ लाख नव्वद हजारांवर गेली. हा खर्च क्वेबेकच्या करदात्यानेही उचलला. पब्लिक इथे हे बोलत नाही. ट्रकच्या मागे माजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंना (पिअर यांचा मुलगा) शिवी देणारं स्टिकर मात्र ट्रूडो गेल्यावरही तसंच आहे.

राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. ऑफिसात तेल कंपन्यांतून कमी केलेली माणसं भेटतात, त्यांना पर्यावरणावरचं भाषण ऐकवायची माझी हिंमत होत नाही. पण तीच माणसं पेन्शनचा विषय निघाला की गप्प होतात. २०२३ मध्ये प्रांताने एक अहवाल काढला की कॅनडा पेन्शन योजनेतले ३३४ अब्ज डॉलर, म्हणजे निम्म्याहून जास्त निधी, आमचा. देशाच्या लोकसंख्येत अल्बर्टाचा वाटा बारा टक्के आहे! हिशेब असा मांडला तर वाटणीच्या वेळी समोरचा काय मांडेल?

वऱ्हाडी_वाघोलीत

राजेहो, पुण्यात बसून "फुटू नका, नुकसान होईल" सांगणं लई सोपं आहे. ज्याच्या ताटात पडतं तो नेहमीच एकत्र कुटुंबाच्या बाजूचा असतो.

१९५३ चा नागपूर करार आठवतो का कोणाला? नोकऱ्या, शिक्षण, पैसा, सगळ्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, असं लिहून दिलं होतं. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळा विदर्भ करा म्हणून शिफारस केली, ती बाजूला ठेवली. मग १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला. ते वि. म. दांडेकर तुमच्याच गोखले इन्स्टिट्यूटचे. म्हणजे अन्याय झाला हे पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाने आकड्यांत लिहून दिलं. त्याने काय झालं? नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं, हुर्डा पार्टी होते, मंडळी परत येतात.

तेव्हा अल्बर्टाच्या माणसाचं "करारावर आमचा विश्वास उरला नाही" हे वाक्य मला नीट समजतं. कर्वेरोडकर काका, तुम्हाला पाठिंबा. पण एक विचारतो, खरं खरं सांगा: अल्बर्टाला जी मुभा देताय ती विदर्भाला द्याल का?

कर्वेरोडकर

देईन. वेगळ्या राज्याला माझा कधीच विरोध नव्हता. तेलंगणा झालं, आभाळ कोसळलं नाही.

@बो_नदीकाठ, तुमचे आकडे मान्य, निष्कर्ष नाही. प्रश्न पैशाचा असता तर पैशाने सुटला असता. ओंटारिओ आणि क्वेबेक मिळून देशाच्या निम्म्याहून अधिक खासदार निवडतात. अल्बर्टाने सगळ्याच्या सगळ्या ३७ जागा एका पक्षाला दिल्या तरी सरकार तिकडेच ठरतं. यावर कोणतीही पाइपलाइन उतारा नाही.

तिरकस_पेठ

मग लोकसंख्येप्रमाणे जागा नकोत का? पुढच्या मतदारसंघ फेररचनेत दक्षिणेतली राज्ये हेच गाऱ्हाणं घेऊन उभी आहेत. लोकसंख्या आवरली त्यांनी आणि जागा वाढणार उत्तरेच्या. तुमच्या न्यायाने तमिळनाडूनेही बॅग भरावी?

दस्तऐवज

आपल्याकडे तो दरवाजाच नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराच्या शपथेत देशाची अखंडता राखण्याचं वचन घातलं, आणि त्याच वर्षी अण्णादुराईंच्या द्रमुकने द्रविडनाडूची मागणी सोडली. राज्याच्या सीमा कलम ३ खाली संसद हवी तशी बदलू शकते, देशाबाहेर जायची सोय मात्र नाही. वेगळा विदर्भ आणि वेगळा अल्बर्टा एका तागडीत तोलू नका.

कॅनडाचं वेगळं आहे. क्वेबेक प्रांताने १९९५ मध्ये वेगळं होण्यावर सार्वमत घेतलं, 'नको' ला ५०.५८ टक्के मतं पडली. देश केसाने वाचला. त्यानंतर १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. २००० मध्ये त्यावर कायदा झाला. 'स्पष्ट प्रश्न' यासाठी की १९९५ च्या मतपत्रिकेवरचा प्रश्न वाचून माणूस बुचकळ्यात पडावा असा होता. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवल्यानंतर, अमुक विधेयक आणि १२ जूनच्या तमुक कराराच्या चौकटीत, क्वेबेक सार्वभौम व्हावा हे मान्य आहे का? हो की नाही. 'देश' हा शब्द त्यात नाहीच. आपल्या सात-बाराची भाषा त्यापेक्षा बरी.

आता अल्बर्टाची खरी अडचण. प्रांत १९०५ चा. तिथल्या आदिवासी राष्ट्रांनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेले करार त्याआधीचे: सहावा १८७६, सातवा १८७७, आठवा १८९९. अख्खा अल्बर्टा जवळपास याच तीन करारांच्या जमिनीवर आहे. त्यांचं म्हणणं, आमचा करार राजसत्तेशी आहे, तुमच्या एडमंटनच्या विधिमंडळाशी नाही. त्यांना न विचारता जमीन घेऊन कसे निघालात? १९९५ मध्ये उत्तर क्वेबेकच्या क्री लोकांनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांनी क्वेबेकसोबत जायला नकार दिला. कर्वेरोडकर, सीमा देवाने आखलेली नाही म्हणता, मग अल्बर्टाची तरी कुठे आखलीय?

आणि समुद्राबद्दल: १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत वाट मिळण्याचा हक्क आहे. पण ती वाट म्हणजे रेल्वे, रस्ता, जलमार्ग. पाइपलाइन त्यात आपोआप येत नाही, दोन्ही देशांनी ठरवलं तरच.

मुळाकाठची

दस्तऐवज यांच्या मुद्द्याला जोड. स्वित्झर्लंडमध्ये बर्न कँटनमधून (कँटन म्हणजे तिथला प्रांत) फ्रेंचभाषक जुरा भाग वेगळा झाला, देशातल्या देशात. १९७४ मध्ये आधी सगळ्या जुरा भागाला विचारलं. 'हो' आलं. मग दक्षिणेकडच्या तालुक्यांना विचारलं, तुम्हाला जायचंय का? ते म्हणाले नाही, आम्ही बर्नमध्येच बरे. मग सीमेवरच्या गावांना विचारलं. १९७९ मध्ये नवा कँटन झाला. मूतिए नावाचं गाव तेव्हा मागे राहिलं, ते २०२१ च्या मतदानाने यायचं ठरलं आणि १ जानेवारी २०२६ ला जुरात आलं. ज्याला फुटायचं त्याने आपल्या आतल्या लोकांनाही फुटायची मुभा द्यायची, हा नियम अल्बर्टाचे फुटीरवादी मान्य करतील? एडमंटन शहर कॅनडात राहतो म्हणालं तर?

आणि कर्वेरोडकरांचं चेकोस्लोव्हाकियाचं उदाहरण त्यांच्याच अंगावर येतं. तिथे सार्वमत झालंच नाही. मतचाचण्यांत दोन्हीकडे फुटीला बहुमत नव्हतं, दोन पंतप्रधानांनी बसून ठरवलं. चलन काही महिने एकच ठेवायचं ठरलं होतं, ते फेब्रुवारी १९९३ मध्येच मोडलं. मग जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवली, चेकची वेगळी, स्लोव्हाकची वेगळी. लोकांना आपापल्या नोटा बँकेत नेऊन बदलून घ्याव्या लागल्या. सुखात आहेत हे खरं, पण ते "लोकांनी ठरवलं" याचं उदाहरण नव्हे.

कर्वेरोडकर

मुळाकाठची, जुराचा नियम मला मान्य आहे. एडमंटनला राहायचं असेल तर राहू दे. आदिवासी राष्ट्रांचं मत वेगळं मोजा, तेही मान्य. त्यातून अल्बर्टा लहान होईल, तर होऊ दे. माझा मुद्दा एवढाच की "फुटल्यास नुकसान होईल" हे न विचारण्याचं कारण होऊ शकत नाही. नुकसान कोणी सोसायचं ते सोसणाऱ्याने ठरवावं.

तिरकस_पेठ

सोसणाऱ्यांनी ठरवलंय की. फुटीच्या सह्यांआधीच "आम्ही कॅनडातच" वाल्यांनी २०२५ मध्ये चार लाखांवर सह्या गोळा केल्या. 

आणि विचारून काय होतं ते ऐका. १९३३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने सार्वमत घेतलं, ६६ टक्के म्हणाले बाहेर पडू. त्याच दिवशी विधानसभेची निवडणूक होती. त्यात लोकांनी फुटीच्या बाजूचं सरकार पाडलं आणि फुटीच्या विरोधातला पक्ष निवडून दिला! पुढे अर्ज लंडनला गेला, ब्रिटिश संसदेच्या समितीने १९३५ मध्ये तो दाखल करून घ्यायलाच नकार दिला. लोकांना फुटायचं नव्हतं, सिडनी-मेलबर्नवाल्यांना दणका द्यायचा होता.

वऱ्हाडी_वाघोलीत

तेच तर म्हणतो बाप्पा. दणका दिल्याशिवाय ऐकतं कोण? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या मतदानानंतर केंद्राने अनुदान आयोग नेमला, १९३३ मध्येच. अशक्त राज्यांना पैसा नियमाने मिळू लागला. फुटले नाहीत, पण मिळालं. आम्ही सत्तर वर्षं निवेदनं देतोय, आम्हाला काय मिळालं ते वर लिहिलंय.

बो_नदीकाठ

वऱ्हाडी भाऊ, हा मुद्दा इथल्या अनेकांच्या मनात आहे. माझ्या ओळखीतले जे सही करतो म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांना वेगळा पासपोर्ट नकोय, ओटावाला घाम फुटायला हवाय. माझी भीती वेगळी. क्वेबेकने तोच खेळ खेळला आणि १९९५ च्या आधीपासूनच मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं माँट्रिऑल सोडून टोरंटोला गेली, ती परत आली नाहीत. मुख्यालय हलवायला सार्वमत जिंकावं लागत नाही, नुसती शक्यता पुरते. कॅल्गरीत मुख्यालयांवरच शहर उभं आहे. उद्या ती गेली तर ह्यूस्टनला जातील, आणि मग माझ्या घराच्या कर्जाचे हप्ते घोषणा देणारे भरणार नाहीत.

कर्वेरोडकर

हप्त्यांसाठी देश एकत्र ठेवायचा असेल तर तसं उघड म्हणा, मी ऐकून घेईन. अखंडतेची भाषा मग कशाला?

दस्तऐवज

कारण कर्ज कॅनडाच्या डॉलरमध्ये आहे, आणि दुसऱ्या दिवशी कोणतं चलन चालेल ते वेगळं व्हायचं म्हणणाऱ्यांनी आधी धड सांगायला हवं. ते सांगा, मग पुढे बोलू.