प्रास, क्लिअरिंग हाउस आणि कोलटकर

वर कुणीतरी विचारलंय की मोठे प्रकाशक कवितेला हात लावत नाहीत, तर मग कवी अरुण कोलटकरांची पुस्तकं निघाली कशी? थोडी भर घालतो.

मुळात प्रकाशक शोधत बसायचंच नाही, असं ठरवणारी माणसं तिथे होती. 1976 मध्ये मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गिव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या चौघा कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पहिली चार पुस्तकं या चौघांचीच, त्यातलं एक कोलटकरांचा इंग्रजी कवितासंग्रह 'जेजुरी'. कोलटकर पेशाने जाहिरात क्षेत्रातले चित्रकार, त्यामुळे मांडणी-मुखपृष्ठ घरचंच. पुढच्याच वर्षी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

मराठीत हेच काम अशोक शहाणे यांच्या 'प्रास' प्रकाशनाने केलं. 'अरुण कोलटकरच्या कविता' 1977 मध्ये आलं, आणि नंतर कितीतरी वर्षं नवं पुस्तकच नाही! कोलटकर लिहीत होते, पण छापायची घाई नव्हती. आजारपणाच्या शेवटच्या काळात मात्र मित्रांनी नेट लावला. 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'काळा घोडा पोएम्स' अशी पुस्तकं पाठोपाठ आली. सप्टेंबर 2004 मध्ये ते गेले, आणि 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार 'भिजकी वही'ला मिळाला.

माझी 'भिजकी वही'ची प्रत हाताळून हाताळून कोपऱ्यांना मऊ पडलीय. एवढा जाडजूड कवितासंग्रह छापायला निव्वळ पैसा पुरत नाही, त्या कवितेवर जीव असावा लागतो. शहाण्यांचा तो होता.