कमी बजेटचे हॉरर कॉमेडी सिनेमे: विनोद खरा असतो की पळवाट?

अर्धापडदा:
भांडायलाच धागा काढतोय, आधीच सांगतो. हॉरर कॉमेडीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पैसे नव्हते म्हणूनच तर एवढा भारी झाला". मला हे अजिबात पटत नाही. स्वस्तातल्या बहुतेक हॉरर कॉमेड्यांमध्ये विनोद नंतर चिकटवलेला असतो. भूत जमलं नाही, मेकअप सुटतोय, हिरोला अभिनय येत नाही, मग म्हणायचं आम्ही तर गंमतच करत होतो. घाबरलात तर हॉरर, हसलात तर कॉमेडी, आणि दोन्ही नाही झालं तर "तुम्हाला कळलाच नाही". नापास व्हायची सोयच नाही यात.

आणि एक मुद्दा ज्यावर कोणी बोलत नाही. साध्या हॉररमध्ये पैसे वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे भूत न दाखवणं. दार करकरलं, सावली सरकली, झालं काम. कॉमेडीत हे चालत नाही. तिथे भूत भर उजेडात येतं, सोफ्यावर बसतं, गप्पा मारतं, लाथा खातं. म्हणजे हॉररमधली जी मोठी बचत आहे ती तुम्ही स्वतःहून सोडता आणि पैसे तर मुळातच नाहीत. मग दीड तास रबराचा मुखवटा बघत बसायचं.

चांगले सिनेमे आहेत, मान्य. पण दरवेळी तीच चार-पाच नावं का येतात याचाही विचार करा.

घुबड:
मग मी त्यातलंच एक नाव घेतो, राग मानू नका :) पीटर जॅक्सनचा 'बॅड टेस्ट', १९८७. हो तोच, लॉर्ड ऑफ द रिंग्जवाला. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना गोळा करून शूटिंग, असं जवळपास चार वर्षं चाललं. मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजलेले. कॅमेरा चावी द्यायचा १६ एमएमचा, म्हणजे लांब शॉट घेताच येत नाही, आणि आवाज सगळा नंतर डब केलेला. आता गंमत बघा, शॉट छोटे म्हणून कटिंग वेगवान झालं आणि त्या वेगामुळेच विनोद चालतो. स्वतः जॅक्सन दोन भूमिकांमध्ये आहे, एक दाढीवाला आणि एक बिनदाढीचा, आणि कड्यावर त्या दोघांची आपसात मारामारी आहे!! हा विनोद नंतर चिकटवलेला म्हणणार का तुम्ही?

आणि तुमचा तो भर उजेडातला मुद्दा. त्यातले परग्रहवासी बराच वेळ माणसांच्याच रूपात फिरतात, निळे शर्ट घालून. खरं रूप येतं ते शेवटी शेवटी. म्हणजे कॉमेडीतही राक्षस लपवता येतो, फक्त अंधाराऐवजी शर्टात लपवायचा.

पोटमाळा:
घुबड, गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो सिनेमा पुरा झाला कारण शेवटी न्यूझीलंडच्या फिल्म कमिशनने पैसे दिले. नाहीतर ते मुखवटे अजून ओव्हनमध्येच असते.

माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. 'ईव्हिल डेड' घ्या, १९८१ चा पहिला. जवळपास पावणेचार लाख डॉलरमध्ये केलेला, विशीतली पोरं, जंगलातली केबिन, फळीवर कॅमेरा लावून दोघांनी दोन टोकं धरून पळायचं. सगळे याला लो बजेट हॉरर कॉमेडीचा बाप म्हणतात. पण तो मुळात सरळ हॉरर म्हणून काढलाय. लोक हसले ती वेगळी गोष्ट. ठरवून, मोजूनमापून कॉमेडी आली ती १९८७ च्या दुसऱ्या भागात आणि त्याचं बजेट पहिल्याच्या साधारण नऊ-दहा पट होतं. म्हणजे आधी पैसे आले, मग विनोद परवडला.

का, तर घाबरवणारा शॉट एका टेकमध्ये थोडा कच्चा आला तरी चालून जातो, अंधार आणि मोठा आवाज सांभाळून घेतात. विनोद एक सेकंद उशिरा आला तर मेला. परत टेक, परत टेक. टेक म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे लाइटवाल्यापासून सगळ्यांचे पैसे.

बिनडोक_भूत:
हसून हसून पुरेवाट, "अजून ओव्हनमध्येच असते" 😂

पण पोटमाळा, दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचं काय? 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' १९६०, माणसं खाणारं झाड. मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलं होतं, तेही आधीच उभ्या असलेल्या सेटवर. तिथे कुठून आले तुमचे टेकवर टेक? पुढे त्याच गोष्टीवर संगीत नाटक निघालं आणि १९८६ मध्ये त्या नाटकावरून परत मोठ्या बजेटचा सिनेमा आला. मूळ कल्पनेत दम होता म्हणूनच ना?

कात्रीवाला:
मी एडिटिंग करतो, छोट्या छोट्या फिल्म येतात माझ्याकडे, त्यातल्या बऱ्याच हॉरर कॉमेडी, कारण नवीन पोरांना हाच प्रकार सोपा वाटतो. म्हणून टेबलवर बसून काय दिसतं ते सांगतो.

तुम्ही सगळे भूत, मुखवटा, मेकअप यावर भांडताय. माझ्याकडे आलेली एकही फिल्म मुखवट्यामुळे पडलेली नाही. पडतात त्या आवाजामुळे. हल्ली साधा कॅमेराही बऱ्यापैकी चित्र देतो त्यामुळे सगळे चित्रावर खूश असतात आणि माइक कॅमेऱ्यावरचाच. रिकाम्या खोलीत शूट केलेलं असतं, संवाद घुमतोय. हॉररमध्ये पुटपुटलेलं नीट ऐकू आलं नाही तर उलट गूढ वाटतं, पण पंचलाइनमधला शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर तो विनोद झालाच नाही, तो कचरा. मग दिग्दर्शक म्हणतो खाली म्युझिक टाक, आणि त्यावर ते "बोइंग" करणारे आवाज. तिथे मी मनातल्या मनात हात जोडतो.

दुसरं म्हणजे रिॲक्शन शॉट. भीती काय आणि हसू काय, दोन्ही ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतात. बोलणाऱ्याचा शॉट सगळे घेतात, समोरच्याचा घ्यायला वेळच उरलेला नसतो. मग मी कापू कुठे? भूत आलं, आरडाओरडा झाला, आणि ज्याने पाहिलं त्याचा चेहराच नाही फुटेजमध्ये. हा शॉट घ्यायला एक पैसा जास्त लागत नाही हो, एक माणूस आणि दहा मिनिटं लागतात. त्यामुळे "पैसे नव्हते" हे कारण मी अर्धंच मानतो. आणि विनोदानंतर थोडी शांतता सोडावी लागते, हसायला जागा. ती फुकट मिळते, पण ती सोडायची हिंमत नसते कोणात, लगेच पुढचा जोक.

घुबड:
कात्रीवाले, एक नंबर प्रतिसाद. चेहऱ्यावरून आठवलं, 'झपाटलेला' (१९९३). रामदास पाध्यांचा बाहुला आहे, बाहुलाच दिसतो, पहिल्या फ्रेमपासून कोणी फसत नाही. पण लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्याकडे बघून जे घाबरतात ते खरं आहे, आणि तो बाहुलाही स्वतःला विनोदी समजत नाही, तो खरंच चिडलेला आहे. भर उजेडात, जवळून, आणि तरी चालला.

अर्धापडदा:
पाध्यांसारखा बाहुल्यांतला मुरलेला माणूस असणं हीच तर श्रीमंती आहे. बजेटच्या कागदावर दिसत नाही एवढंच. जॅक्सनही तसाच, मुखवट्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं स्वतः करणारा. अशी माणसं सोडून बाकीच्यांबद्दल बोला की.

रिकामटेकडी:
मला वेगळंच बोलायचंय. हे "मित्रांनी मिळून केला" प्रकरण ऐकायला फार गोड वाटतं पण त्याचा अर्थ कोणीतरी फुकट राबलं. 'ईव्हिल डेड'च्या शूटिंगचेच किस्से वाचा, हाडं गोठवणारी थंडी, आणि भूत लागलेल्यांच्या डोळ्यांत घालायच्या त्या जाड लेन्स, घातल्या की काही दिसायचं नाही आणि थोड्या वेळात काढाव्याच लागायच्या. आपण हे किस्से "काय जिद्द होती" म्हणून सांगतो. जिद्द दिग्दर्शकाची, डोळे दुसऱ्याचे.

आणि स्वस्त सिनेमात विनोदही स्वस्त असतो हे कोणी बोललंच नाही अजून. जाड मुलगा आधी मरणार, बाई किंचाळणार नाहीतर भुताळी होऊन लाडात बोलणार, एखादा बायकी बोलणारा माणूस असणार. लिहायला वेळ दिलेला नसतो म्हणून हाताला लागेल तो साचा उचलायचा. हे बजेटचं नाही, आळसाचं लक्षण आहे. पण बजेटच्या नावावर खपून जातं.

सावळागोंधळ:
रिकामटेकडी, +१. पण ताई, मला एक सांगा, मुद्दाम वाईट बनवलेला सिनेमा बघण्यातही एक मजा असते की नाही? स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रोमा कंपनीवाल्यांनी गाडी उलटून स्फोट होतो तो एकच शॉट कितीतरी सिनेमांत परत परत वापरलाय. माहिती असलेले लोक तो शॉट आला की टाळ्या वाजवतात. त्यांचाच 'टॉक्सिक ॲव्हेंजर' (१९८४) बघा, ओंगळ आहे, बावळट आहे, पण लबाड नाही. आमच्याकडे पैसे नाहीत हे तोंडावर सांगतो.

पोटमाळा:
ट्रोमा चालेल एक वेळ. पण त्या वाटेनेच पुढे 'शार्कनेडो' आला, २०१३. वादळातून शार्क उडत येतात. पहिला बघून हसलो मीही, त्याचे एकूण सहा भाग काढले हो. सहा! वाईट असणं हाच जोक असेल तर तो पहिल्या वीस मिनिटांत सांगून संपतो.

याच्या उलट दिग्दर्शक एड वूडचा 'प्लॅन नाइन'. त्यातले नट बेला लुगोसी वारले, तर त्यांच्या जागी बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं, चेहऱ्यासमोर झगा धरून, आणि सिनेमा पुरा केला. त्या माणसाला मनापासून वाटत होतं की आपण काहीतरी मोठं करतोय, म्हणून आजही हसू येतं. डोळा मारत केलेल्या वाईटपणात ते नाही.

घुबड:
बरोबर, पण मग एड वूडला हॉरर कॉमेडीत धरताच येणार नाही, त्याने कॉमेडी केलीच नव्हती. तुम्ही लोक नकळत झालेला विनोद, ठरवून केलेला विनोद आणि मुद्दाम केलेला वाईटपणा एकाच पोत्यात भरताय.

आता माझा हुकमाचा एक्का. 'वन कट ऑफ द डेड', जपान, २०१७. (पाहिला नसेल तर पुढचं वाचू नका, खरंच नका वाचू.) बजेट साधारण तीस लाख येन. सगळे नवखे नट, वर्कशॉपमधले. सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट आणि ती बघताना वाटतं काय हा भिकार झॉम्बी सिनेमा, मध्येच अवघडलेली शांतता, मध्येच कोणीतरी उगाच काहीतरी बोलतंय. बंद करावासा वाटतो. आणि मग पुढच्या भागात प्रत्येक चुकीचं कारण कळतं, आणि ज्या ज्या ठिकाणी तुम्ही नाक मुरडलं होतं तिथे तिथे पोट धरून हसता. आधी छोट्याशा थिएटरात लागला, मग तोंडी जाहिरातीवर पसरत गेला आणि तीन अब्ज येनपेक्षा जास्त कमावले. खर्चाच्या हजार पट. मोठ्या बजेटमध्ये हा सिनेमा करताच आला नसता, कारण तिथे तो भिकारपणा खोटा वाटला असता.

अर्धापडदा:
हा सिनेमा मलाही प्रचंड आवडतो आणि तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. त्यातली एकेक चूक आधी कागदावर लिहिलेली आहे. म्हणजे स्वस्त दिसणं हा योगायोग नाही, ती पटकथा आहे. बाकीचे लोक आधी चुका करतात आणि नंतर त्यांना शैली म्हणतात.

"हजार पट"ने पण भुलू नका. असा एक येतो तेव्हा न आलेले किती असतात ते कोणी मोजत नाही. नुसता हॉरर असेल तर निदान तो दुसऱ्या भाषेत विकता येतो, किंकाळीला सबटायटल लागत नाही. विनोद मिसळला की ते गिऱ्हाईक अर्धं गेलं. ट्रेलर कसला कापायचा हेही कळत नाही, भीतीचा की हशाचा. चेहरा ओळखीचा नसला तरी हॉररला लोक येतात, कॉमेडीला ओळखीचा चेहरा लागतो.

बिनडोक_भूत:
न्यूझीलंडचा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (२०१४) विसरलात का? एका घरात भाडं आणि भांडी घासण्यावरून भांडणारे व्हॅम्पायर, माहितीपटाच्या थाटात. तो तर जगभर गेला, त्यावर अमेरिकेत मालिका निघाली. माहितीपटाचा थाट घेतला की हलता कॅमेरा, साधा उजेड, सगळं माफ. स्वस्तपणाला गोष्टीतच जागा करून दिली.

पोटमाळा:
त्याचं बजेट साधारण सोळा लाख डॉलर होतं, याला तुम्ही लो बजेट म्हणणार असाल तर माझा नमस्कार. शिवाय कलाकारांना ऐनवेळी सुचेल ते बोलू दिलं आणि शंभर तासांहून जास्त फुटेज झालं. कात्रीवाल्यांना विचारा शंभर तासांतून दीड तास काढायला काय लागतं.

कात्रीवाला:
घटस्फोट लागतो 😅

पण खरं सांगू का, त्या सिनेमात मला आवडतं ते वेगळंच. व्हॅम्पायरचे नियम जुनेच ठेवलेत, आत बोलावल्याशिवाय येता येत नाही, आरशात दिसत नाही, आणि ते नियम शेवटपर्यंत पाळलेत. त्यामुळे नाइट क्लबच्या दारात उभे राहून "आम्हाला आत बोलवा" अशी विनवणी करणारे व्हॅम्पायर, हा जोक आपोआप तयार होतो. माझ्याकडे येतात त्या फिल्ममध्ये भूत पहिल्या सीनमध्ये भिंतीतून जातं आणि चौथ्यात दार ठोठावतं, कारण कोणालातरी दारावरचा जोक सुचला. मग प्रेक्षक घाबरतही नाही, कारण हे भूत काय करू शकतं हेच ठरलेलं नाही. नियम ठरवायला कॅमेरा लागत नाही की मेकअप लागत नाही.

रिकामटेकडी:
हे मात्र अगदी पटलं. कोणी मेलं की खरंच मेलं, एवढं तरी पाळा. जोकसाठी मेलेला परत उठवला की मग पुढच्या मरणाला मी कशाला दचकू?

अर्धापडदा:
कात्रीवाले, नियम फुकट असतात हे मान्य. पण ते शेवटपर्यंत पाळायचे तर पटकथा पाच-सहा वेळा परत लिहावी लागते, आणि त्या पोरांनी लोकेशन आधीच बुक केलेलं असतं, शनिवारपासून शूटिंग. तिथे कोणाला सांगणार तुम्ही थांबायला?