मदत हवी आहे : एनुगू विमानतळावर व्हीलचेअरची सोय

माझे थोरले बंधू नायजेरियातील एनुगू येथे नोकरीस असून आमच्या आईला त्यांच्याकडे पाठवायचे आहे. आईला सपाटीवर चालता येते, परंतु गुडघ्यांमुळे विमानाच्या शिडीच्या पायऱ्या चढणे-उतरणे अजिबात जमत नाही. लेगॉसमार्गे गेल्यास तिथेच इमिग्रेशन आटोपून, सामान ताब्यात घेऊन, देशांतर्गत विमानासाठी दुसऱ्या टर्मिनलला गाडीने जावे लागते. तेवढी दगदग तिला झेपणार नाही. अबुजाहून रस्त्याने जाणे घरच्यांना मान्य नाही. म्हणून मुंबई–अदिस अबाबा–एनुगू हाच मार्ग आम्हाला योग्य वाटतो. इथिओपियन एअरलाइन्सने अदिस अबाबाहून एनुगूची सेवा 2013 साली सुरू केली होती आणि ऑगस्ट 2019 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालेली तिथली धावपट्टी पुढच्या ऑगस्टअखेर पुन्हा खुली झाली, एवढे मी वाचले आहे.

पीतज्वराची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली असून पिवळे प्रमाणपत्र तयार आहे. व्हिसाचेही काम झाले आहे. तिकिटावर व्हीलचेअरची मागणी नोंदवली आहे, मात्र आमच्या एजंटला केवळ मुंबई आणि अदिसचीच माहिती आहे. बंधूंनी एनुगूच्या अकानू इबियाम विमानतळावरून फक्त देशांतर्गत प्रवास केला आहे, तोही शिडीनेच. सोबतीला कोणी नसेल आणि आईला इंग्रजी जेमतेम येते.

अलीकडे अदिसहून एनुगूला उतरलेल्या कोणी कृपया सांगावे : आंतरराष्ट्रीय विमानातून न चालणाऱ्या प्रवाशाला उतरवण्यासाठी तिथे उचलयंत्राची गाडी असते, की कर्मचारी खुर्चीसकट उचलून शिडीवरून खाली आणतात?