गंगेवरची (नाशिकच्या गोदाकाठची) मैफल फुकटच हवी. तुमचं मत?

गोदाकाठचा:
बुधवारी बाजार उठता उठता गंगेवर, यशवंतराव महाराज पटांगणात विनातिकीट मैफल झाली. पेठ-सुरगाण्याकडची पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य), संबळ-हलगी, लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी, थोडं शास्त्रीय आणि शेवटी कॉलेजच्या पोरांचा बँड. सगळे आपल्या जिल्ह्यातलेच. माझं म्हणणं, हे दर महिन्याला व्हावं आणि तिकीट कधीच लावू नये. तिकीट आलं की कालिदास नाट्यगृहात नेहमी दिसणारी तीच तोंडं इथंही दिसणार. परवा मेथीच्या उरलेल्या जुड्या मांडीवर घेऊन एक मावशी थेट दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, पास कुणी विचारला नाही. इथली वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली, शंभरी ओलांडून गेली. व्याख्यानाला गोदाघाटावर कुणीही येऊन बसतं, मग गाण्यालाच तिकीट का?

हलगी_शेकणारा:
दादा, परवा हलगीवर मीच होतो. गंगेवरचा गारवा लागला की चामडं बसतं, हलगी सारखी शेकावी लागते. स्टेजमागं कागद पेटवला तर कार्यकर्ता धावत आला, ‘जाळ नको!’ शेवटी हॅलोजनच्या दिव्यासमोर धरून ताणली. असो. साउंडवाल्याला रोख, मांडववाल्याला रोख, जनरेटरवाल्याला आगाऊ. आम्हाला शाल, नारळ आणि ‘समाजासाठी करताय’. फुकट नक्की कुणासाठी होतं?

पंचवटीकर:
आमच्यासाठी तरी नव्हतं. घाटाला लागून आमची घरं आहेत. २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बँड सुरूच झाला पावणेदहाला! आधी सत्कारात पाऊण तास घालवायचा आणि मग उशिराचं खापर कलाकारांवर फोडायचं. सिंहस्थाची गर्दी येणारच आहे, त्यात दर महिन्याला हे कशाला?

गोदाकाठचा:
सत्कार बंद करा, कार्यक्रम नव्हे. नाशिक ढोल रस्त्यावर घुमतो तेव्हा डेसिबल कुणी मोजत नाही, पावरी वाजली की मात्र नियम आठवतात.

पंचवटीकर:
ढोलाचीही तक्रार आम्हीच करतो.

तानपुरा_४२२:
मला तिकीट हवं, आणि कारण नाशिकशीच जोडलेलं आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे इथं येऊन रामनाम आधाराश्रम चालवला. त्याआधी त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, म्हणजे संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारा गवई स्वतःच्या पायावर उभा राहिला. तिकीट काढून टाकलं की संस्थानिकाच्या जागी प्रायोजक येतो, एवढाच फरक. दुसरं म्हणजे, सगळं एकाच संध्याकाळी कोंबलं की कुणालाच रंग चढत नाही. परवा विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाची जेमतेम दोन-चार आवर्तनं होतात तोच निवेदक उठून उभा!

सिन्नरचा_पाहुणा:
गंमत आहे. वामनदादा आमच्या देशवंडीचे. त्यांची गाणी गावोगाव उघड्यावर, हजारो माणसांत ऐकली गेली. तिथं गेट लावलं असतं तर ती पोहोचलीच नसती. पण लोककला फुकट होती, हेही खरं नाही. गोंधळ्याला यजमान बिदागी देतो, शिधा देतो. ऐकायला अख्खी गल्ली बसते, बिदागी एकाच घरातून निघते. हा हिशेब आपल्याकडं आधीपासून आहे, तिकिटाची गरजच पडली नाही.

हलगी_शेकणारा:
हेच म्हणतोय मी. यजमान व्हायचं असेल तर बिदागी द्या. आणि पावरीवाल्यांचं बघा. भोपळा-बांबूचं ते वाद्य सांभाळत एसटीनं आले. उद्घाटनाला म्हणून उभं केलं, पाहुणे स्थानापन्न होईपर्यंत वाजवा म्हणाले. माइक निवेदकाच्या हातात! पावरीपेक्षा पाहुण्यांच्या खुर्च्या सरकवल्याचाच आवाज जास्त. शेवटची गाडी गाठायची म्हणून ते बँडच्या आधीच निघून गेले. याला तुम्ही विविधता म्हणता?

सातपूरची_सुनंदा:
फुकट कार्यक्रमात पहिली रांग ‘राखीव’ कशी असते, यावरही कुणीतरी बोला.

गोदाकाठचा:
ऐकणाऱ्याला फुकट यावर मी ठाम आहे. मेथीवाल्या मावशी पन्नास रुपयांचं तिकीटही काढणार नाहीत आणि मला त्या तिथं हव्यात. बिदागीसाठी मध्यंतरात शाल फिरवा.

तानपुरा_४२२:
म्हणजे कलाकारानं आधी गायचं आणि मग लोकांच्या खिशाकडं बघत बसायचं. मला पटत नाही. प्रायोजकाकडून पैसे आधी जमवा, रक्कम कार्यक्रमपत्रिकेवर छापा.

गोदाकाठचा:
छापा की. पण बँडला आणि पावरीला आकडा सारखाच का?

हलगी_शेकणारा:
मानधन सारखं. पेठहून येणाऱ्याला गाडीभाडं आणि रात्रीची मुक्कामाची सोय वेगळी. आणि पावरी बँडच्या जागेवर, सगळ्यात शेवटी.

पंचवटीकर:
शेवटी म्हणजे पावणेदहालाच ना?