'नोटिफाय' करणे : अधिसूचित, कळवणे की वर्दी?

गोदाकाठ
सिंहस्थातल्या आरोग्य स्वयंसेवकांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (२००५) थोडक्यात सांगायची आहे. आजाराचा प्रकार गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, दुसऱ्या देशात पसरेल का, प्रवास-व्यापारावर बंधनं येतील का, या चारांपैकी दोन उत्तरं 'हो' आली की देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला 'नोटिफाय' करायचं. मी 'अधिसूचित करावे' लिहिलं. सिन्नरला वाचून दाखवलं तर एका आशाताईंनी विचारलं, "म्हणजे अधिसूचना निघेपर्यंत आम्ही थांबायचं का?" तिथेच हात थांबला.

पंचवटीकर
ताईंचं बरोबर आहे. अधिसूचना राजपत्रात निघते, वरून खाली येते. ही तर खालून वर जाणारी खबर, आणि ती लगेच चारचौघांत जाहीरही होत नाही. 'वर्दी देणे' लिहा. माझे आजोबा पोलीस पाटील होते. गावात पटकीचा माणूस निघाला की कोतवालाच्या हाती चिठ्ठी देऊन तालुक्याला वर्दी धाडायचे. आग लागली की आजही बंबाला वर्दीच देतात ना?

शब्दव्रती
'अधिसूचित रोग' ही संज्ञा शासकीय मराठीत रुळलेली आहे. एकाला कळली नाही म्हणून मोडायची का? आणि 'वर्दी' मराठी तरी आहे का?

पंचवटीकर
'कागद' मराठी आहे का? पिढ्यानपिढ्या तोंडात असलेला शब्द परका कसा?

मखमलाबाद
मी रिक्षा चालवतो. आमच्यात वर्दी म्हणजे शाळेची ठरलेली मुलं. सकाळच्या दोन वर्द्या आहेत माझ्या. माझ्यासारखा स्वयंसेवक झाला तर हाच अर्थ घेईल.

गोदाकाठ
मग साधं 'कळवणे'च बरं वाटतंय. पण ताई जिल्ह्याला कळवतात तेही कळवणं, आणि दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र देशाच्या वतीने जागतिक आरोग्य संघटनेला कळवतं तेही कळवणंच. पहिल्यात तत्परता आहे, दुसऱ्यात कराराचं बंधन. एका क्रियापदात दोन्ही कसं मावेल?

शब्दव्रती
म्हणूनच संज्ञा लागते. कोविडमध्ये काय झालं आठवा. आजारी माणसाला वेगळं ठेवणं आणि संसर्गाच्या शंकेने धडधाकट माणसाला ठेवणं, दोन्हींना सरसकट 'विलगीकरण'. दारावर एकच पाटी, शेजाऱ्यांनी दोघांनाही सारखंच वाळीत टाकलं.

ओझरची_लेक
दुसऱ्याला 'क्वारंटाइन'च राहू द्या, सगळ्यांना कळतं. मूळ व्हेनिसकडचं, चाळीस दिवस जहाज थांबवून ठेवायचे त्यावरून. माझी आजी मात्र प्लेगाच्या वेळचं ऐकलेलं सांगताना "गाव बाहेर राहायला गेलं" एवढंच म्हणायची. रानात झोपड्या, घरं उघडी टाकलेली. 'बाहेर राहणे' का नको?

गोदाकाठ
शब्द आवडला. पण आमच्या निम्म्या स्वयंसेविका खेड्यातल्या आहेत. 'बाहेर' म्हटलं की त्यांना महिन्याचे चार दिवस आठवतील, आणि आजार लपवायला तेवढं पुरे.

ओझरची_लेक
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'घरीच थांबणे' चालेल?

पंचवटीकर
चालेल. पण वर्दीचं काय ठरलं?