१९६६ ची मस्टँग विकायची आहे, आहे तशी विकू की मूळ व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन परत बसवून?

नौपाड्याची लेक:
नमस्कार मंडळी. बाबांची १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे, दोन दारांची हार्डटॉप, डाव्या बाजूला स्टिअरिंग. नौपाड्यात आमच्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं विटांवर उभी आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय, दिवाळीपर्यंत जागा रिकामी करून द्यायचीय, त्यामुळे गाडी विकायलाच लागणार, आईच्या मनाची पण तयारी झालीय.

मुख्य अडचण अशी की पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी मूळ व्ही-एट उतरवून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं, त्या काळात मुंबईत बऱ्याच अमेरिकन गाड्यांचं असंच झालं. पण जुनं इंजिन त्यांनी विकलं नाही. ते शेडच्या कोपऱ्यात ओंडक्यांवर ताडपत्रीखाली ठेवलंय, दरवर्षी पावसाळ्याच्या आधी बाबा स्पार्क प्लग काढून आत तेल सोडायचे आणि पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवायचे, मला टॉर्च धरायला उभं करायचे.

सध्या तीन जण मागे लागलेत. घोडबंदर रोडचा एक गॅरेजवाला म्हणतो आधी डेंटिंग-पेंटिंग करून व्ही-एट बसवू, मग दुप्पट पैसे येतील. एकाला फक्त इंजिन पाहिजे, रोख देतो म्हणतो. आणि भंगारवाला तर रोजच येतो. आरसी बुक अजून बाबांच्या नावावर आहे. काय करू? बाबांची गाडी चुकीच्या हातात जायला नको एवढंच वाटतं.

कळव्याचा मिस्त्री:
ताई, इंजिन वेगळं विकू नका, कितीही रोख दिली तरी नको. गाडी आणि तिचं मूळ इंजिन एकाच शेडमध्ये आहे हीच तुमची खरी किंमत आहे. १९६६ मध्ये फोर्डने सहा लाखांवर मस्टँग बनवल्या, हार्डटॉप दुर्मिळ नाही, अमेरिकेत ढिगाने आहेत, पण इथे स्वतःच्या इंजिनासकट उभी असलेली गाडी शोधून सापडत नाही.

आधी ती मुळात व्ही-एटचीच आहे का ते बघा. सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या चाकाला चार नट असतात, व्ही-एटला पाच. मग बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर ठोकलेला नंबर शोधा, ग्रीस चढलेलं असणार, रॉकेलमध्ये फडकं भिजवून हळू पुसा, वायर ब्रश किंवा ग्राइंडर तिथे अजिबात लावू देऊ नका, तो नंबर खराब झाला तर गाडीची ओळखच गेली. पहिला आकडा वर्षाचा, दुसरं अक्षर कारखान्याचं, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. सी असेल तर २८९ घनइंची, म्हणजे ४.७ लिटर, टू बॅरल (दोन तोंडांचा) कार्बोरेटर, २०० हॉर्सपॉवर. ए असेल तर फोर बॅरल, के म्हणजे दुर्मिळ इंजिन, ते असेल तर मला रात्री बाराला पण फोन करा.

सी इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर नसतो, त्यामुळे घेणारा ओतकामाची तारीख बघणार. स्टार्टर बसतो तिथे वरच्या बाजूला असते, वर्षाचा एक आकडा, महिन्याचं अक्षर, मग दिवस. ती गाडी बनण्याच्या थोडी आधीची निघाली तर तेच इंजिन म्हणायला आधार मिळतो.

आणि गॅरेजवाल्याला नाही सांगा. वरून रंग मारलेल्या जुन्या गाडीला जाणकार माणूस घाबरतो, कारण खाली लांबी (पुट्टी) किती भरलीय ते कळत नाही. ह्या गाडीला वेगळी चॅसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून फ्लोअर, पुढचे शॉक टॉवर (सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे खांब), फ्लोअरखालचे पत्र्याचे बॉक्स कुजलेत का ते घेणाऱ्याला उघडं दिसायला हवं. पुढच्या काचेखालच्या जाळीत एक तांब्या पाणी ओता आणि आत पायापाशी टपकतं का बघा, बहुतेक टपकेलच, त्याचाही व्हिडिओ काढा. डिझेलसाठी इंजिनाचे माउंट कुठे कापले, कुठे वेल्ड केले त्याचे जवळून फोटो टाका. लपवलेलं एक भोक नंतर सापडलं की माणूस सगळ्याच गोष्टींवर शंका घेतो. पत्र्याचे जवळपास सगळे भाग अमेरिकेत आजही नवे मिळतात, घेणारा तो हिशोब करूनच येईल.

सानपाडा_४३:
कागदांचं मी बघतो कारण माझ्या काकांच्या फियाटला ह्यातून गेलोय. बाबा गेल्यामुळे आधी फॉर्म ३१ ने गाडी आईंच्या किंवा तुमच्या नावावर घ्या, बाकी वारसांची संमती लागेल, मग विकताना फॉर्म २९ आणि ३०. जुन्या बुकाची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते, त्यालाच वेळ जातो, उद्याच सुरू करा.

दुसरं म्हणजे २०२१ च्या जुलैपासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत. नवीन नोंदणी २० हजार, दहा वर्षं चालते, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे डिझेलवर ती बसणं कठीण, मूळ व्ही-एट सोबत असली तर पुढच्याला वाट मोकळी. बुकात इंजिन नंबर कुठला लिहिलाय ते बघा, बदल नोंदवला होता का ते महत्त्वाचं. आणि गाडी भारतात आली कशी त्याचा कागद शोधा. कस्टमचा कागद नसेल तर चांगला गिऱ्हाईक मागे फिरतो.

वाशी_ते_बेलापूर:
जाहिरातीत नुसतं मसल कार लिहू नका, जाणकार मस्टँगला पोनी कार (आटोपशीर स्पोर्टी गाडी) म्हणतात आणि त्या एका शब्दावरच वाद घालत बसतील. वर्ष, २८९ व्ही-एट, इंजिन सोबत, रिस्टोरेशन प्रोजेक्ट, एवढं पुरे. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांपर्यंत पण पोचवा.

नौपाड्याची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी मी आणि आई शेडमध्ये तीन तास होतो. चाकाला पाच नट आहेत. रॉकेलने पुसत पुसत ६आर०७सी दिसलं तेव्हा आई खाली बसलीच, म्हणाली ह्यांना हा नंबर तोंडपाठ होता. आर म्हणजे कुठला कारखाना? तांब्याभर पाणी सरळ ड्रायव्हरच्या पायापाशी आलं, फ्लोअरला हाताएवढं भोक आहे, फोटो काढलेत. बुकात अजून व्ही-एटचाच नंबर आहे, डिझेलची नोंद कधी झालीच नाही. आणि बाबांच्या ट्रंकेत स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनचं (एसटीसी, दूतावासांच्या गाड्या विकणारी सरकारी कंपनी) विक्रीपत्र मिळालं, दूतावासाची गाडी होती. इंजिनवाल्याला आणि गॅरेजवाल्याला दोघांनाही नाही सांगितलं.

कळव्याचा मिस्त्री:
आर म्हणजे सॅन होजे, कॅलिफोर्निया. एसटीसीचं पत्र मिळालं हे फार चांगलं झालं, ते लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ तसंच ठेवा. आणि एक राहिलं, गाडी बाहेर काढायला हायड्रा क्रेन बोलावून मधे पट्टा टाकून उचलू देऊ नका, कुजलेल्या फ्लोअरवर बॉडी वाकेल. विटांवरून उतरवून चार जुनी टायर चढवा, ढकलत गल्लीच्या तोंडाशी आणा आणि तिथून फ्लॅटबेड ट्रकवर चढवा. व्ही-एटचे पाच नटवाले टायर माझ्याकडे आहेत, शनिवारी घेऊन येतो.