मदत हवी आहे: जुनी माझदा मियाटा, २०१६ ची घ्यावी की २०१९ ची?

नमस्कार मंडळी,

धाकटी कॉलेजला गेली, मिनीव्हॅन विकली आणि गराजमधली एक जागा रिकामी झाली. दोन सीटांची, टप उघडणारी गाडी पंचविशीपासून मनात आहे. आता नाही घेतली तर पुढे गुडघेच नको म्हणतील. मुक्काम कोलंबस, ओहायो. बजेट २० हजार डॉलर, अगदीच ताणलं तर २३. गिअर हातानेच टाकायचे, ऑटोमॅटिक सुचवू नये ही विनंती.

मियाटाच घ्यायची हे ठरलंय. मध्ये पोर्शे बॉक्सटरवर जीव जडला होता, पण २००८ पर्यंतच्या इंजिनांमधल्या त्या आयएमएस बेअरिंगचे (आतला एक छोटा भाग, तो गेला की अख्खं इंजिन जातं) किस्से वाचून उतरला. घोडं अडलंय ते मियाटाच्या वर्षावर. दोन गाड्या बघून आलो, दोन्ही क्लब ट्रिमच्या (म्हणजे क्लब नावाच्या मॉडेलच्या).

पहिली २०१६ ची. ६१ हजार मैल, १५,८०० डॉलर, आयुष्य नॉर्थ कॅरोलायनात गेलंय. आधीचा मालक ती ऑटोक्रॉसला (शंकू मांडून घड्याळाशी लावलेली शर्यत) न्यायचा. गिअरबॉक्स एकदा बदललाय, पावती आहे. आता हे चांगलं लक्षण समजायचं की वाईट?

दुसरी २०१९ ची. ३८ हजार मैल, डीलर २२,४०० म्हणतोय आणि त्यावर कागदपत्रांची फी वेगळी, जी त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितली. ही गाडी सगळे हिवाळे क्लीव्हलंडला काढून आलीय.

कागदावर २०१९ सरस आहे. इंजिन दोन्हींत २ लिटरचंच, पण २०१९ पासून पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले, त्यामुळे १५५ चे १८१ हॉर्सपॉवर झाले आणि लाल रेघ (इंजिन जास्तीत जास्त फिरवायची मर्यादा) ६८०० वरून ७५०० आरपीएमवर गेली. जेमतेम १०६० किलोच्या गाडीत २६ घोडे कळायला हवेत. मला मात्र गावातल्या रस्त्यांवर फरक कळला नाही. हायवेला लागताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतच राहिलं, मी वाट बघतोय आता थांबेल म्हणून, तर ते थांबेना. तेव्हा कळला!

खरी अडचण वेगळीच आहे. माझी उंची ६ फूट १ इंच. २०१६ च्या गाडीचं स्टीअरिंग फक्त वर-खाली होतं, मागे-पुढे होत नाही. सीट मागे घेतली की हात ताणावे लागतात, पुढे घेतली की गुडघा स्टीअरिंगला लागतो. २०१९ मध्ये ते साधारण ३ सेंटीमीटर जवळ ओढता येतं. ऐकायला काहीच नाही, पण त्या गाडीत बसलो आणि वाटलं, शिंप्याने माप घेऊन शिवलीय.

बायको ट्रायलला येताना २० पौंडी तांदळाची पिशवी घेऊन आली होती. डिकीत मावली. तिने झाकण लावलं, उघडलं आणि म्हणाली, "बरं. आता भाजी कुठे?"

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. स्टीअरिंगच्या ३ सेंटीमीटरसाठी साडेसहा हजार जास्त मोजणं हा वेडेपणा आहे का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

माझ्याकडे २०१७ ची आहे, न्यू जर्सीत. सुरुवातीच्या वर्षांच्या सहा गिअरवाल्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी होत्या हे खरं, आणि कंपनीने पुढे त्यात सुधारणाही केल्या. त्यामुळे बदललेला असेल तर मी वाईट म्हणणार नाही. फक्त पावतीवर तारीख आणि नवीन बसवला की भंगारातला जुना, हे बघा.

ट्रायल थंड गाडीवरच घ्या. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत सुरू करू नको, आणि पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. कोमट लागलं तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी जा. गार गाडीत पहिल्यावरून दुसरा टाकताना दात घासल्यासारखं लागतं का, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी ओढताना बारीक शिट्टी येते का, रेडिओ बंद करून ऐका.

लोहचुंबकाने पुटिंग (पोचा भरून वर रंग मारलेली जागा) शोधायची सवय असेल तर एक सांगतो. बॉनेट, पुढची मडगार्डं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे, तिथे चुंबक चिकटणार नाही. मी ही गाडी घेताना उगाच विकणाऱ्याशी हुज्जत घातली होती.

प्रतिसाद २

आम्हा पुणेकरांसाठी माझदा म्हणजे स्वराज माझदाची कंपनीची बस. तिचंही स्टीअरिंग जवळ ओढता यायचं नाही, ड्रायव्हरकाकाच पुढे सरकून बसायचे. चालू द्या, वाचतोय.

प्रतिसाद ३

वर्षाचं नंतर बघू. क्लीव्हलंडची गाडी लिफ्टवर चढवून बघितलीत का? मी १८ वर्षं मिठाच्या रस्त्यांवर (हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने गाडी खालून गंजते) २००१ ची मियाटा चालवली. (हो, तेच वर्ष. माझदाने १५५ हॉर्सपॉवर छापले होते, निघाले १४२, आणि कंपनीला गाड्या परत घ्यायची तयारी दाखवावी लागली. मी नाही दिली.) तिचं इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं. गाडी संपली ती दाराखालच्या पट्टीतून, मागच्या चाकाच्या अगदी पुढे. टपाचं पाणी वाहून जायची भोकं सीटमागे असतात. ती पानांनी तुंबली की पाणी पट्टीत साठतं, आणि खालून मीठ असतंच. वरून रंग छान, बोट दाबलं तर आत.

मागची सबफ्रेम (चाकं-सस्पेन्शन धरून ठेवणारा खालचा सांगाडा), सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या बघा. वरवरचा तांबूसपणा चालतो, पापुद्रे सुटत असतील तर मागे फिरा. दीडदोनशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. डीलर नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

आणि स्टीअरिंगबद्दल: वेडेपणा नाही. बाकी सगळं नंतर बदलता येतं. २०१६ ला स्टीअरिंग पुढे आणणारे स्पेसर (मध्ये बसवायच्या चकत्या) मिळतात, पण एअरबॅग काढून तिथे हात घालायला मी सांगणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल २०१९ लिफ्टवर चढवली. डीलरने खळखळ केली, पण मानला. सबफ्रेमच्या जोडांवर पापुद्रे आहेत आणि मागचे दोन बोल्ट असे गंजलेत की मेकॅनिकने पाना लावायचंच नाकारलं. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला आणि स्वतः कॉफी आणायला गेला. मी पाच मिनिटं खाली उभा राहून बघत होतो. ती गाडी सोडली.

२०१६ मध्ये पुन्हा बसून आलो. गुडघा अजून तिथेच लागतो.

आता नॅशव्हिलजवळ एक २०१९ ची दिसलीय. ४७ हजार मैल, खाजगी मालक, २१ हजार सांगतोय, कधी उत्तरेला आलेली नाही. शनिवारी चाललोय, एका बाजूने सहा तास. गाडी गार ठेवायला सांगितलंय. आवडली तर तीच चालवत परत यायचं आहे, तेव्हा इतक्या लांबच्या पहिल्याच प्रवासाआधी टायर आणि ऑइल सोडून काय बघू? बायको तांदूळ घेऊन येणार आहे.